घडवलेलं राखू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
आयपीएल गव्हर्निंग कौन्सिल,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई

विषय : खेळाडूंची अदलाबदल, मोठा लिलाव आणि संघबांधणीच्या नियमांबाबत विनंती

मी राहुरी तालुक्यातला शेतकरी. २००८ पासून आयपीएल पाहतो. सामने तर सगळेच पाहतात, पण माझा जीव खरा अडकतो तो नोव्हेंबरात, शेतात कांद्याच्या लागणीची तयारी चाललेली असते तेव्हा. कोणत्या संघानं कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं, कुणाच्या बदल्यात कुणाला आणलं, याच्या बातम्या त्याच दिवसांत येतात. त्या मी लाल कापडी बांधणीच्या एका वहीत उतरवून ठेवतो. किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली वही. तीन रकाने आखलेत : आला, गेला, बदल्यात काय. इतक्या वर्षांच्या नोंदी पुन्हा पुन्हा वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

वहीतली अगदी सुरुवातीची एक नोंद आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाची आहे. जानेवारी २००९. झहीर खान बंगळूरकडून मुंबईकडे आणि रॉबिन उथप्पा मुंबईकडून बंगळूरकडे. माणसाच्या बदल्यात माणूस. झहीर श्रीरामपूरचा. तिथल्या मराठी शाळेत शिकला, पुढं मुंबईला गेला आणि सुधीर नाईकांच्या नजरेखाली तयार झाला. उथप्पा कर्नाटकचा, झहीर तेव्हा मुंबईकडून रणजी खेळणारा. या एका अदलाबदलीनं दोघंही आपापल्या माणसांत आले. मुंबईला नव्या चेंडूचा म्होरक्या हवा होता, बंगळूरला आपल्या मातीतला फलंदाज. दोन्ही घरची गरज भागली. अदलाबदल कशी असावी असं मला कुणी विचारलं, तर मी आजही हेच पान उघडून दाखवतो.

दुसरी नोंद नोव्हेंबर २०१९ ची. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे राजस्थानकडून दिल्लीकडे गेला आणि राहुल तेवतिया व मयंक मार्कंडे राजस्थानला मिळाले. रहाणेनं राजस्थानसाठी शंभर सामने खेळले होते, कप्तानी केली होती. दिल्लीत वरच्या फळीत धवन, शॉ, अय्यर, पंत आधीच उभे होते. तिथं रहाणेला २०२० मध्ये नऊ सामने मिळाले आणि २०२१ मध्ये दोन. बंगळूरविरुद्ध साठ धावांची एक खेळी करून त्यानं दिल्लीला गुणतक्त्यात दुसऱ्या जागेवर नेलं, तेवढंच. तिकडं तेवतियानं २७ सप्टेंबर २०२० ला शारजात शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार मारून २२४ धावांचं लक्ष्य गाठून दिलं. नावाची तुलना केली तर हा सौदा राजस्थानच्या तोट्याचा वाटला होता. पण जागा कुठं रिकामी आहे हे राजस्थाननं पाहिलं होतं, दिल्लीनं पाहिलं नव्हतं.

संघबांधणीतलं पहिलं सूत्र मला इथं सापडलं. खेळाडू जागेसाठी घ्यायचा असतो. पुढं रहाणेच्याच बाबतीत हे दुसऱ्या बाजूनं सिद्ध झालं. २०२२ च्या डिसेंबरात कोचीच्या लिलावात चेन्नईनं त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं. त्याच दिवशी त्याच चेन्नईनं बेन स्टोक्ससाठी सव्वासोळा कोटी मोजले. स्टोक्स दुखापतीमुळं दोनच सामने खेळला. रहाणेला मात्र तिसऱ्या क्रमांकावर मोकळं सोडलं गेलं आणि वानखेडेवर २७ चेंडूंत ६१, ईडन गार्डन्सवर २९ चेंडूंत नाबाद ७१ अशा खेळ्या त्यानं केल्या. मोसमभरात ३२६ धावा, त्याही १७२ च्या स्ट्राइक रेटनं. चेन्नई विजेती झाली, रहाणे भारताच्या कसोटी संघात परतला आणि ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८९ व ४६ धावा करून आला. माणूस तोच होता. त्याला त्याची जागा कुणीतरी दाखवली होती.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडं येतो. लोक अदलाबदलीला नावं ठेवतात. माणसांचा बाजार मांडलाय, गुरांसारखी देवाणघेवाण चालते, असं आमच्या पारावरही बोललं जातं. मला ते पटत नाही. अदलाबदलीत दोन संघ समोरासमोर बसतात, आपल्याकडं काय कमी आहे ते बोलतात आणि आपल्या नियमाप्रमाणं खेळाडूची संमती घेतल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. मोठ्या लिलावात खेळाडूला कुणीच विचारत नाही. हातोडा जिथं पडेल तिथं त्यानं जायचं, नाही पडला तर घरी बसायचं. आणि तीन-चार वर्षांनी येणारा हा मोठा लिलाव नुसत्या खेळाडूला हलवत नाही, तो उभा राहिलेला संघच मोडतो.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. आमच्या गावात दर हिवाळ्यात टेनिस चेंडूची स्पर्धा होते. आठ संघ, आठ संघमालक. पूर्वी वस्तीवस्तीचे संघ असायचे, हल्ली आयपीएल पाहून आमच्याकडंही लिलाव होतो. मंगल कार्यालयातल्या खुर्च्या मांडायच्या, भिंतीवर प्रोजेक्टर, एकेका पोराचा फोटो झळकतो आणि प्रत्येक मालकाकडं ठरावीक पॉइंट असतात. त्यातला एक मालक मी. माझ्या संघात एक डावखुरा पोरगा होता. तीन वर्षं मी त्याला पहाटे मोटरसायकलवर मागं बसवून मैदानावर नेत होतो. यष्टीच्या बुंध्याशी चप्पल ठेवायची आणि सहा चेंडूंत किती वेळा चपलेला लागतो ते मोजायचं, असा आमचा यॉर्करचा सराव. पहिल्या वर्षी सहात एखादा लागायचा, तिसऱ्या वर्षी चार लागायला लागले.

त्या साली सगळ्यांना पुन्हा लिलावात टाकायचं ठरलं. मी शेजारच्या तालुक्यातल्या एका नावाजलेल्या फटकेबाजावर निम्मे पॉइंट घालवून बसलो. या पोराचा फोटो आला तेव्हा दुसऱ्या मालकानं बोली चढवत नेली आणि माझे पॉइंट संपले. पहिली वेळ, दुसरी वेळ, तिसरी वेळ. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा घरी आला. आमच्या संघाचा टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आणला होता. ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, ‘‘काका, पुढच्या साली परत घ्याल ना?’’

मी हो म्हणालो. पण खरी गोष्ट पुढं आहे. पुढच्या हिवाळ्यात आणखी एक चुणचुणीत पोरगं दिसलं आणि मी त्याला पहाटे उठवायला गेलो नाही. मनात पहिला विचार आला तो असा : हा आपल्याकडं राहणार किती दिवस? शिकवायचं मी आणि खेळवायचं दुसऱ्यानं. इतक्या वर्षांत असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो त्या लिलावानं आणला. त्याची मला अजून खंत आहे, आणि म्हणून मी पोटतिडकीनं हे लिहितो आहे. आमच्या आठ संघांच्या स्पर्धेत जर नियम माणसाचं मन असं बदलत असेल, तर आपल्या दहा संघांच्या कोट्यवधींच्या स्पर्धेत काय होत असेल?

काय होतं ते माझ्या वहीत आहे. दिल्लीनं श्रेयस अय्यर, ऋषभ पंत, आवेश खान यांना कोवळ्या वयात संधी दिली, रबाडा-नॉर्किया अशी जोडी जमवली. २०२० ला हा संघ अंतिम सामन्यात गेला, २०२१ ला साखळीत पहिला आला. मग २०२२ चा मोठा लिलाव आला, चारच जणांना ठेवता आलं आणि अय्यर कोलकात्याला, रबाडा व धवन पंजाबला, आवेश लखनौला गेले. कोलकात्याचं उदाहरण तर ताजं आहे. मे २०२४ मध्ये श्रेयसच्या कप्तानीत कोलकाता विजेता झाला. नोव्हेंबरात जेद्दाला लिलाव झाला आणि विजेता कप्तान पावणेसत्तावीस कोटींना पंजाबचा झाला. कोलकात्यानं व्यंकटेश अय्यरवर पावणेचोवीस कोटी लावले. पहिल्या फेरीत कुणीच न घेतलेल्या आमच्या रहाणेला नंतर मूळ किमतीत, दीड कोटीत उचललं आणि पुढं त्यालाच कप्तान केलं. २०२५ ला कोलकाता आठव्या जागेवर राहिला. त्या संघात सर्वाधिक धावा, ३९०, दीड कोटीच्या रहाणेच्या होत्या. वर्षभरात व्यंकटेशलाही संघानं सोडलं. ज्या शहरानं मे महिन्यात विजयाचा गुलाल उधळला, त्याला पुढच्या मार्चात नवा कप्तान आणि बरेच नवे खेळाडू ओळखून घ्यावे लागले.

आपण म्हणाल, मोठा लिलाव दुबळ्या संघांना वर येण्याची संधी देतो. त्यात तथ्य आहे. पंजाब २०२५ ला अंतिम सामन्यापर्यंत गेला तो लिलावात घेतलेल्या श्रेयसच्या जोरावरच. खेळाडूंनाही लिलावात भाव मिळतो, आणि क्रिकेटपटूची कमावण्याची वर्षं थोडी असतात हे मला कळतं. पण पाच-पाच विजेतेपदं कुणाकडं आहेत ते पाहा. मुंबई आणि चेन्नई. मुंबईनं २०१३ मध्ये जसप्रीत बुमराह नावाच्या अनोळखी पोराला आणलं, २०१५ मध्ये हार्दिक पंड्याला १० लाखांत घेतलं. चेन्नईनं एकच कणा वर्षानुवर्षं जपला. या दोघांनी मोठ्या लिलावातूनही आपला गाभा कसाबसा वाचवला, म्हणून ते उभे राहिले. दुबळ्यांनाही असा गाभा वाढवता आला पाहिजे. दर तीन-चार वर्षांनी सगळ्यांचंच शेत नांगरून काढलं तर ज्याची बहुवार्षिक पिकं आहेत त्याचं नुकसान होतं आणि ज्यानं काही लावलंच नव्हतं त्याला आयती संधी मिळते.

दुसरी वाट असू शकते हे आपल्याच देशात दिसतं. कबड्डीत आमच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचा अस्लम इनामदार २०२१ मध्ये प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामासाठी पुणेरी पलटणमध्ये आला तो ‘न्यू यंग प्लेअर’ म्हणून. त्या लीगमध्ये अशा नवख्या पोरांना लिलावाबाहेर संघात घेता येतं आणि पुढं राखताही येतं. पलटणनं अस्लम, मोहित गोयत अशी पोरं राखली. त्यांच्या जोडीला दहाव्या हंगामात इराणचा शादलू २ कोटी ३५ लाखांना आणला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. कप्तान होता अस्लम. त्याच महिन्यात नगरच्या वाडिया पार्कवर राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा भरली तेव्हा गॅलरीतून उठणारा आवाज ऐकायला आपण तिथं असायला हवं होतं. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडं गेला आणि हरियाणा विजेती झाली. म्हणजे विकतचा मोहरा लागतो, हे मी नाकारत नाही. पण शादलू गेल्यावरही अस्लम राहिला आणि २०२५ मध्ये पलटण पुन्हा अंतिम सामन्यात उभी होती. दिल्लीकडून तीन गुणांनी हरली खरी, तरी संघ तोच, कप्तान तोच. आमच्यासारख्यांना प्रेम करायला काहीतरी जागेवर राहिलं होतं.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याच्यामुळं मला बेसबॉलचा नाद लागला. तिथं हिवाळ्यात मैदानं बंद असतात आणि लोक अदलाबदलीच्या बातम्यांवर दिवस काढतात, माझ्यासारखेच. तिथल्या सेंट लुईस कार्डिनल्स संघानं शंभर वर्षांपूर्वी ब्रँच रिकी या व्यवस्थापकाच्या कल्पनेतून धाकट्या गावांतले छोटे संघ हाताशी धरले आणि तिथं आपले खेळाडू वाढवले. आज प्रत्येक मोठ्या संघाची अशी रोपवाटिका आहे, आणि वर आलेला खेळाडू साधारण सहा मोसम त्याच संघाकडं राहतो. त्यामुळं घडवण्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

पण याच कार्डिनल्सनं १९६९ मध्ये बारा वर्षं आपल्याकडं खेळलेला कर्ट फ्लड याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्यानं जायला नकार दिला आणि बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून आपलं म्हणणं मांडलं. पुढं कोर्टात गेला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला; त्याची कारकीर्द तर त्याआधीच संपली होती. पण लगेच १९७३ मध्ये नियम आला : ज्यानं दहा वर्षं खेळून त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढली, त्याला अदलाबदल नाकारता येते. एका माणसानं आपल्या जिवावर सोसून पुढच्यांना हा हक्क मिळवून दिला.

फ्लडची गोष्ट वाचली की मला रवींद्र जडेजा आठवतो. राजस्थानबरोबरच्या कराराचं नूतनीकरण न करता दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून २०१० च्या मोसमात त्याच्यावर आपण बंदी घातली होती. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून त्यानं चेन्नईला विजेतेपद दिलं. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसनच्या बदल्यात तो सॅम करनसह राजस्थानकडं गेला, जिथून त्यानं सुरुवात केली होती तिथंच. त्या रात्री वहीत ‘गेला’च्या रकान्यात त्याचं नाव लिहिताना माझा हात थांबला. चेन्नईची गरज मला समजते. पुढच्या काळात यष्टीमागं कोण, हा प्रश्न त्यांना सोडवायचा होता. तरीही दहा-दहा वर्षं एका गावासाठी घाम गाळलेल्या माणसाचा शब्द कागदावरच्या संमतीपेक्षा वजनदार असावा, असं मनापासून वाटतं.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली. जो खेळाडू देशाकडून खेळण्याआधी एखाद्या संघात आला आणि तिथं तीन मोसम टिकला, त्याला त्याच्या लेखी संमतीनं सहा मोसमांपर्यंत राखण्याची मुभा त्या संघाला द्या. राखायच्या खेळाडूंच्या संख्येत त्याला धरू नका. त्याचं मानधन दर वर्षी किती वाढावं ते आपण ठरवून द्या, म्हणजे त्याची पिळवणूक होणार नाही. पोराची इच्छा नसेल तर त्याला लिलावाचं दार उघडं असावं. एवढं केलंत तरी दहा संघ उद्यापासून तालुक्या-तालुक्यांत पोरं शोधायला आणि घडवायला लागतील, कारण घडवलेलं हातात राहील.

दुसरी. अदलाबदलीचा पूर्ण व्यवहार जाहीर करा. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक गुजरातहून मुंबईला परतला तेव्हा त्याचं पंधरा कोटींचं मानधन सगळ्यांना कळलं, पण गुजरातला मुंबईनं वेगळे किती दिले ते जाहीर झालं नाही. तिकीट काढून, टीव्हीपुढं रात्री जागून ज्यांनी ही स्पर्धा मोठी केली त्या प्रेक्षकांना आपला माणूस कितीला गेला हे कळण्याचा हक्क आहे. सोबत, दहा मोसम खेळून त्यातले पाच एका संघात काढलेल्या खेळाडूला नकाराचा स्पष्ट अधिकार नियमात लिहा.

तिसरी विनंती माझ्या जिल्ह्यासाठी आहे, आणि आपल्या सगळ्या जिल्ह्यांसाठी. परदेशी खेळाडू आयपीएल खेळतो तेव्हा त्याला घडवणाऱ्या त्याच्या देशाच्या मंडळाला आपण त्याच्या मानधनाच्या प्रमाणात रक्कम देता. फुटबॉलमध्येही खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की त्या रकमेतले पाच टक्के, बारा ते तेवीस वयात त्याला ज्या क्लबांनी शिकवलं त्यांच्यात वाटले जातात. घडवणाऱ्याचं देणं असतं, हे तत्त्व आपण मान्य केलेलंच आहे. मग परदेशी मंडळाला जे मिळतं ते श्रीरामपूरला का मिळू नये? भारतीय खेळाडूची अदलाबदल पैशांत झाली की त्या रकमेचा छोटासा हिस्सा, तो अठरा वर्षांचा होईपर्यंत ज्या क्लबात, ज्या जिल्हा संघटनेकडं खेळला, तिथं जाऊ द्या. एका मोठ्या व्यवहारातल्या एका टक्क्यात आमच्याकडं मॅटिंगची खेळपट्टी होते, जाळी लागते, शिकवणाऱ्याला वर्षभराचं मानधन मिळतं. आश्वीसारख्या गावातल्या पोराला डोंबिवली किंवा मुंबई गाठल्याशिवाय पुढं जाता यावं, यासाठी एवढं पुरे आहे.

या नियमांनी आपल्या तिजोरीतून फार काही जाणार नाही, आणि लिलावाची रंगतही संपणार नाही. लहान लिलाव दर वर्षी होतच राहतील, रिकामी जागा भरायला ते लागतातच.

आमच्या गावच्या स्पर्धेत यंदा मी बैठकीत उभं राहून एक मागणी केली : ज्या मालकानं पोराला दोन वर्षं खेळवलं, त्याला पोराच्या मर्जीनं ते ठेवता यावं. थोडी वादावादी झाली, पण सात जणांनी हात वर केले. आता तो डावखुरा पोरगा दुसऱ्या संघातच आहे, त्याला तिथंच खेळायचं आहे आणि ते बरोबरही आहे. त्याचा टी-शर्ट मी अजून कपाटात ठेवला आहे. पण गेल्या आठवड्यापासून मी त्या दुसऱ्या, चुणचुणीत पोराला पहाटे उठवायला जातो. यष्टीच्या बुंध्याशी पुन्हा चप्पल ठेवली आहे. सहात एक लागतो सध्या.

आपल्या नियमांनी देशभरातल्या शिकवणाऱ्यांना असंच पहाटे उठावंसं वाटावं, एवढंच मागणं आहे. कळावे.

आपला विश्वासू,
राहुरी तालुक्यातला एक क्रिकेटप्रेमी,
जि. अहिल्यानगर